लिंबू धरणारा हात

पट्टा बघायला आलेली माणसं पातं बघतात. पात्याखाली कुणाचा हात आहे हे बघायला कुणाला सवड नसते. वडूजच्या पलीकडे अडीच कोसांवर बोरखिंड नावाचं गाव आहे. तिथल्या भैरोबाच्या जत्रेत अकरा वर्षं ज्याच्या उजव्या तळहातावर लिंबू ठेवून पट्ट्यानं कापलं गेलं, त्या आकारामचं नाव निम्म्या जत्रेला ठाऊक नव्हतं. लोक त्याला 'लिंबू धरणारा' म्हणत आणि पुढं तासभर लालासाहेबाच्या पवित्र्यांचं कौतुक करत. आकारामला त्याचं काही वाटत नसे. वाटत असतं तरी तो बोलला नसता, कारण बोलणं हा त्याचा प्रांतच नव्हता. बायको बनुबाई म्हणायची, "आमच्या घरात बैलं ह्यांच्यापरास जास्त बोलत्यात." त्यात फारसं खोटं नव्हतं.

त्याचं खरं नाव होतं ते पेरणीत. पाभरीवर लाकडाचं चाडं असतं, बी सोडायचा वाडगा. त्यात मुठीनं बी सोडत बैलांमागं चालायचं. मूठ सैल पडली की रोपं एकमेकांच्या उरावर उगवतात, आवळली की ओळीच्या ओळी रिकाम्या राहतात. आकारामची मूठ सकाळी जशी सुटायची तशीच दिवे लागायच्या वेळी. चाड्याकडे तो बघतसुद्धा नसे. बैलांच्या शिंगांवरून पलीकडे कुठंतरी नजर लावून चालायचा आणि हात आपलं काम करत राहायचा. खटावच्या त्या कोरड्या मुलखात पाऊस एकदाच तोंड दाखवतो. पेरा चुकला तर वर्ष चुकलं. म्हणून चाड्यावर आकारामचा हात असावा असं चार गावं म्हणत आणि तो हात घराचं पोट भरत असे.

तोच हात जत्रेत पट्ट्याखाली जायचा.

दांडपट्टा हे काही तालमीतल्या लाठीसारखं प्रकरण नाही. दोन हातांहून लांब, दोन्ही बाजूंनी धारेचं, गवतासारखं लवणारं पातं. मुठीच्या जागी लोखंडाचं आवरण, त्यात हात कोपरापर्यंत जातो. एकदा आत गेला की मनगट बांधलं गेलं म्हणून समजा. वार काढायचा तो खांद्यातून आणि कमरेतून, आणि सुटलेला वार मध्येच आवरता येत नाही. बोरखिंडीत ह्या पट्ट्याचा मान लालासाहेबाच्या घराकडे पाच पिढ्यांचा. पालखी देवळात परतली की हलग्या कडाडत, लालासाहेब मैदानात उतरे आणि शेवटी लिंबू येई. लिंबू देवाच्या पायावरचं, म्हणून ते उजव्याच हातावर ठेवायचं. बसणाऱ्यानं हलायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि अंगात व्यंग असलेल्या माणसानं देवाचा पट्टा उचलायचा नाही. एवढ्या तीन रीती होत्या आणि त्या सगळ्यांना पाठ होत्या.

लिंबाच्या वेळी हलगी थांबे. लालासाहेब गिरक्या घेत येई, पातं सपकन निघून जाई आणि तळहातावर गार वारा लागे. मग दोन फोडी, बोटांमधून गळणारा रस आणि हजार माणसांचा ओरडा.

बघणाऱ्यांच्या तऱ्हा काय सांगाव्यात! सांगलीहून शेंगांच्या खरेदीला येणारे धन्यकुमार शेट दर साली सगळ्यांच्या पुढं पोतं टाकून बसत, ऐन वेळी डोळे मिटून घेत आणि मोठ्यानं जैनांचा णमोकार मंत्र म्हणू लागत. लिंबू कापून झालं की शेजाऱ्याला विचारत, "काय झालं? हात हाय नव्हं?" मग पुढल्या साली यायचं नाही असं ठरवून जात आणि पुढल्या साली सर्वांच्या आधी येत. एकदा त्यांनी आकारामला गाठून विचारलं होतं, "खरं सांग, हा खेळ बघायला मजेचा की धोक्याचा?" आकारामनं बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "म्या कवा बघितलाच न्हाई, शेट. म्या खाली बसतो."

बनुबाईनंही कधी बघितला नव्हता. हलगी सुरू झाली की ती कळशी घेऊन देवळामागच्या विहिरीवर जाई. हलगी थांबली की तिचा श्वास थांबे, परत वाजू लागली की कळशी भरून घरी येई.

सन चाळीसच्या जत्रेनंतर लालासाहेब पलटणीत भरती झाला. पट्टा तेलाच्या फडक्यात गुंडाळून भैरोबाच्या गाभाऱ्यात ठेवला गेला. पाच वर्षं तो तिथंच होता. लढाई संपली आणि शेहेचाळीसच्या माघात लालासाहेब इटलीहून परत आला. अंगानं रोडावला होता, डाव्या भुवईवर बोटभर लांबीचा व्रण होता, बाकी सगळा शाबूत. गावानं हलगी लावून त्याला वेशीतून आणलं. चैत्राच्या जत्रेला दोन महिने होते आणि वडूजपासून मेढ्यापर्यंत बातमी गेली होती की औंदा बोरखिंडीत पट्टा आहे.

होळीच्या आसपास देवळात पंच बसले. म्हातारा नाथाजी वस्ताद होता, ज्याच्या हाताखाली गावातले सगळे पट्टेकरी तयार झाले. लालासाहेबाचा चुलतभाऊ गुंडा होता, तालमीत लाल मातीनं माखलेला पंचवीस वर्षांचा गडी. आकाराम खांबाला टेकून बसला होता. लालासाहेब त्याच्याकडे न बघता म्हणाला, "औंदा आकाराम बसायचा न्हाई. लिंबू दगडावर ठिवून कापू. पलटणीत असंच करत्यात."

नाथाजी म्हणाला, "ही पलटण न्हाई. लिंबू मानसाच्या हातावर. ते जमत नसंल तर पट्टा देवाम्होरं ठिव, कायमचा."

"मग मी बसतो की," गुंडा लगेच म्हणाला. त्याला कितीतरी वर्षं त्या जागेची हौस होती.

आकाराम उठला आणि घरी गेला. त्याला फार लागलं. अकरा वर्षं ज्याच्या भरवशावर आपण हात पुढं केला, त्याला आता आपला हात नको झाला. चार देश बघून आलेल्या माणसाला गावातला मुका गडी कशाला हवा, असं त्याच्या मनानं घेतलं. आठवडाभर तो लालासाहेबाच्या दारावरून गेला नाही. वाकडी वाट करून मळ्यात जायचा.

मग एका दुपारी लालासाहेबच बांधावर आला. दोघं बाभळीखाली बसले. आकारामनं चंची काढली, तमाखूला चुना लावून मळली आणि रीतीप्रमाणं तळहात पुढं केला. लालासाहेबानं चिमूट घ्यायला हात आणला आणि चिमूट हवेतच मिटली, तळहाताच्या दोन बोटं अलीकडं. त्यानं परत हात नेला. ह्या वेळी बोटं तळहातावर जोरात आदळली आणि निम्मी तमाखू खाली सांडली.

"थंडीनं हात कापतुया," लालासाहेब हसत म्हणाला.

फाल्गुनातल्या उन्हानं ढेकळं तापली होती. आकारामनं परत तमाखू मळली आणि ह्या वेळी पुडीच त्याच्या हातात दिली.

परतताना तो मुद्दाम लालासाहेबाच्या गोठ्यामागून गेला. तिथं कंबरेएवढा एक चौकोनी दगड उभा केला होता आणि दगडावर एक लिंबू होतं. लिंबू अख्खं होतं. दगडावर मात्र पात्याचे ओरखडे होते, काही लिंबाच्या अलीकडं, काही वीतभर पलीकडं. आकारामनं ते मोजले. सतरा भरले.

तेव्हा त्याला सगळं उमगलं. डाव्या डोळ्यात दृष्टी उरली नव्हती. एका डोळ्याला अंतर कळत नाही, वस्तू दिसते पण ती किती लांब आहे ते समजत नाही. लालासाहेबानं दगड मागितला होता, कारण दगडाला बोटं नसतात. आणि आपण आठवडाभर त्याच्यावर रुसून बसलो. आकारामला स्वतःची लाज वाटली.

लाज वाटली आणि मागोमाग भीती वाटली. आता करायचं काय? पंचांना सांगावं तर अंगात व्यंग ठरतं, पट्टा पाच पिढ्यांच्या घरातून जातो. लालासाहेबाला गावानं वेशीतून वाजवत आणलं होतं. त्याच गावात उद्या त्याला आंधळा म्हणतील, शुभकार्याला निघताना तो समोर आला तर परत फिरतील. न सांगावं आणि आपण बसू नये, तर तिथं गुंडा बसणार, हसत हसत. आणि आपण बसावं तर सतरा ओरखडे दगडावर त्यानं डोळ्यांनी बघितले होते. आकारामनं आपला उजवा हात उलटासुलटा करून बघितला. मृगाची पेरणी अडीच महिन्यांवर होती.

दुसऱ्या दिवशी तो नाथाजीकडे गेला. म्हातारा ओट्यावर सुपारी कातरत बसला होता.

"वस्ताद, पूर्वी डोळं बांधून लिंबू कापायचे न्हवं?"

नाथाजीनं अडकित्ता खाली ठेवला. आकारामनं आपण होऊन काही विचारलं ह्याचंच त्याला नवल वाटलं. "कापायचे की. म्या तालमीत कापलंय. लालाच्या बापानं जत्रंत कापलंय. लालाला म्या आन् त्याच्या बापानं चार वर्सं तसंच शिकिवलं, आदी डोळं बांधून, मग उघडून."

"मग जत्रंत बंद का केलं?"

"बघनाऱ्यांपायी. बाया घेरी येऊन पडायच्या. एकदा एक म्हातारा बघता बघता बसला तो उठलाच न्हाई. पंच म्हनाले, बास."

"आन् हात किती तुटलं?"

"डोळं बांधून? एकबी न्हाई. उघड्या डोळ्यांनी दोन अंगठं गेल्यालं म्या बघितल्यात. उघडा डोळा लोकांकडं जातो, वाहवा कोन करतंय तिकडं जातो. बांधलेला कुठं जानार? आदी पात्याचं टोक लिंबावर टेकवायचं. पावलं मोजून मागं सरायचं. मग कानानं जायाचं."

"कानानं म्हंजे?"

"तवा बसनारा बोलतो. एकच शब्द, एकाच सुरात. 'हितं' म्हनायचं, दुसरं काय न्हाई. त्याचा सूर हलला की मोजलेली पावलं समदी वाया." म्हाताऱ्यानं त्याच्याकडे नीट बघितलं. "तू का इचारतुयास?"

"उगंच."

"तू उगंच कवा बोलतूस रं?" नाथाजी म्हणाला. त्यानं अडकित्ता उचलला आणि सुपारी कातरू लागला.

आता जगातलं सगळं काम आकारामच्या गळ्यावर येऊन पडलं, आणि गळा हे त्याचं सगळ्यांत आळशी हत्यार. तो मळ्यात गेला, आजूबाजूला कुणी नाही बघून उजवा हात पुढं केला आणि म्हणाला, "हितं." आवाज चिरका निघाला. परत म्हणाला, तर घोगरा निघाला. बांधावर चरणारी बैलं माना वर करून बघू लागली. मालक आज काय म्हणतोय ते त्यांना कळेना. आठ दिवस तो येता-जाता हेच करत होता. मग त्यानं एक युक्ती काढली. डाव्या हातात बाजरीचं बी घेऊन उजव्या मुठीनं ते सोडत चालायचं आणि त्या लयीत शब्द सोडायचा. मूठ आणि शब्द एका मापानं सुटू लागले तेव्हा कुठं त्याला धीर आला.

भाकरी घेऊन आलेल्या बनुबाईनं ते ऐकलं. मोकळ्या रानात नवरा एकटाच "हितं, हितं" म्हणत चालला होता.

"कुनाला बलवताय?" तिनं विचारलं.

आकारामला खोटं बोलायची सवय नव्हती, खरं बोलायचीही फारशी नव्हती. "औंदा मला बोलायचं हाय," तो म्हणाला. "लिंबाच्या वक्ताला."

"गुंडा बसनार हाय ऐकलं मी."

"मी बसनार हाय."

बनुबाईनं भाकरीचं फडकं सोडलं, बांधलं, परत सोडलं. तिला काय समजलं आणि काय नाही, देव जाणे. शेवटी म्हणाली, "मग मी हिरीवर जायाची न्हाई. तुमी चारचौघांत बोलनार म्हंजे ऐकाय तरी आलं पायजे."

जत्रेच्या दिवशी दुपारी चारच्या उन्हात मैदानाभोवती मुंगीला शिरायला वाट नव्हती. झाडांवर माणसं, देवळाच्या कोटावर माणसं. धन्यकुमार शेट पुढच्या रांगेत पोतं टाकून बसले होते आणि आतापासूनच घाम पुसत होते. बनुबाई त्यांच्याजवळ मैदानाकडे पाठ करून उभी होती. आली खरी, पण बघणार नव्हती.

लालासाहेबानं पट्टा चढवला आणि फिरवू लागला. काय सांगावं ते फिरवणं! मोकळ्या हवेत कुठं अंतर मोजायचं होतं? पातं दिसेनासं झालं, नुसता आवाज येत होता. लोक खुळ्यासारखे ओरडत होते. एकटा आकाराम त्याच्या तोंडाकडे बघत होता. लालासाहेबाचा चेहरा जत्रेतल्या पट्टेकऱ्याचा दिसत नव्हता. फाशीच्या कोठडीकडे नेत असलेल्या माणसाचा वाटत होता.

पुजाऱ्यानं लिंबू आणलं. गुंडा धोतर सावरत पुढं निघाला, तोच आकाराम मैदानात येऊन गुडघ्यावर बसला आणि उजवा हात पुढं केला. गुंडा खट्टू होऊन मागं सरला. लिंबू तळहातावर आलं. हलगी थांबली.

आणि आकाराम उभा राहिला. बसणारा उभा राहिलेला बोरखिंडीत कुणी बघितला नव्हता.

"मंडळी," तो म्हणाला. त्याचा आवाज ऐकून पुढच्या रांगा दचकल्या. "लालासायब साता समुद्रापल्याड जाऊन आलाय. उघड्या डोळ्यांनी लिंबू तर त्यो पयल्यापासनं कापत आलाय. त्याला पलटनीत कशाला जायला पायजे? बापावानी डोळं बांधून कापनार असंल तर माजा हात हितं हाय. न्हाई तर मी निगालो घरी."

असा गलका उठला की कोटावरची कबुतरं उडाली. "बांधा! डोळं बांधा!" लोकांना ते लय आवडलं. मुका गडी पट्टेकऱ्याला आव्हान देतोय, अजून काय पाहिजे? नाथाजी वस्ताद काठी टेकत मैदानात आला. त्यानं कुणाला विचारलं नाही. खांद्यावरचं उपरणं काढून त्याच्या चार घड्या घातल्या आणि लालासाहेबापुढं उभा राहिला.

लालासाहेबाला राग आला होता. तो आकारामजवळ येऊन दातांतल्या दातांत म्हणाला, "खुळा झालायस का रं? तुजा हात जाईल गड्या."

"आता न्हाई जायाचा," आकाराम तितक्याच हळू म्हणाला. "उघड्या डोळ्यांनी गेला असता. तमाखूच्या वक्ताला कळलं मला."

लालासाहेबाचा राग तिथल्या तिथं विझला. तो आकारामकडे बघत राहिला, एका डोळ्यानं खरं आणि दुसऱ्यानं दिसण्यापुरतं. मग मान खाली घातली. नाथाजीनं उपरणं बांधलं.

आकाराम परत गुडघ्यावर बसला आणि पात्याचं टोक लिंबावर टेकलं. आकारामला त्याचं वजन लागलं, एखाद्या माशीएवढं. मग लालासाहेब मागं सरला. एक पाऊल, दोन, तीन, चार. खांदे मोकळे केले.

"हितं," आकाराम म्हणाला.

आवाज कोरडा निघाला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. लालासाहेब थांबला.

आकारामनं नजर उचलून लालासाहेबाच्या पलीकडे लावली, देवळाच्या कळसाच्याही पलीकडे, पेरताना बैलांच्या शिंगांवरून लावायचा तशी. "हितं," तो म्हणाला, आणि ह्या वेळी शब्द मुठीतून बी सुटावं तसा सुटला. "हितं. हितं."

लालासाहेब एक पाऊल पुढं आला. पट्टा डोक्यावर फिरू लागला. तेवढ्यात उजव्या बाजूनं घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. धन्यकुमार शेट डोळे गच्च मिटून णमोकार म्हणत होते आणि भीतीनं त्यांचा आवाज दर शब्दाला चढत होता. त्यांच्या मागं दोन बायाही काहीतरी पुटपुटू लागल्या. लालासाहेबाची मान किंचित तिकडं वळली. त्याचं पुढचं पाऊल वीतभर बाजूला पडलं.

आकारामला ते पाऊल दिसलं. त्या पावलावरून वार निघाला तर तो कुठं येईल तेही त्याला दिसलं, मनगटावर. ओरडावं असं त्याच्या सगळ्या अंगाला वाटलं. ओरडला असता तर सूर हलला असता. हात मागं घेतला असता तर लालासाहेबाचं सगळं संपलं असतं. त्यानं तोंडातून काढलं ते एवढंच, त्याच मापात, "हितं."

मैदानाकडे पाठ करून उभ्या असलेल्या बनुबाईला काहीच दिसत नव्हतं. तिला फक्त ऐकू येत होतं, आणि नवऱ्याचा शब्द शेटच्या आवाजाखाली बुडतोय हे तिला कळलं. ती वाकली आणि शेटच्या तोंडावर सरळ हात ठेवला. "शेट," ती म्हणाली, "माज्या मालकाला बोलू द्या."

परक्या बाईचा हात तोंडावर पडल्यावर शेट काय, कुणीही गप्प झाला असता. मागच्या बायाही गप्प झाल्या. मैदानात एकच आवाज उरला.

"हितं."

लालासाहेबाची मान परत सरळ झाली. मागचं पाऊल सरकून जागेवर आलं. कंबर वळली.

आकारामला वारा लागला नाही. हाताला काहीच कळलं नाही आणि त्यामुळे त्याला वाटलं, हात गेला. खाली बघायचं धाडस त्याला होईना. मग बोटांच्या सांध्यात कुठंतरी काट्यानं ओरखडलेलं होतं तिथं रस झोंबला. झोंबतंय म्हणजे हात आहे, एवढं त्याच्या ध्यानात आलं. लिंबाच्या दोन फोडी मातीत पडल्या होत्या.

हलग्या कडाडल्या. फेटे उडाले. गुंडानं आरोळी ठोकली. लालासाहेबानं मात्र डोळ्यांवरचं सोडलं नाही. त्यानं पट्ट्यातून हात काढला, चाचपडत पुढं आला, आकारामचं मनगट शोधलं आणि तळहात आपल्या हातात घेऊन बोटं मोजू लागला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, एकेका बोटाला धरून, ओठ हलवत. एक, दोन, तीन, चार, पाच. मग करंगळीपासून परत अंगठ्यापर्यंत मोजली. लोकांना वाटलं, जुन्या खेळाची हीच रीत असणार. नाथाजीला ते तसं नव्हतं हे ठाऊक होतं. तो काही बोलला नाही. भैरोबालाही सगळं दिसलं असणार. तोही काही बोलला नाही.

धन्यकुमार शेटनं सांगलीला जाऊन असं वर्णन केलं की जणू सगळं उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढली दोन वर्षं सांगलीहून बैलगाड्या भरून लोक आले. खेळ पहिल्यापेक्षा भयंकर झालाय असं जो तो म्हणे. उघड्या डोळ्यांचा खेळ आता कुणी मागितलाच नसता. दोन्ही साली आकारामनं आवाज दिला, लालासाहेबानं लिंबू कापलं आणि डोळे न सोडता बोटं मोजली, पुढून आणि मागून. मृगात आकाराम चाड्यावर उभा असे.

एकोणपन्नास साली लालासाहेबानं पट्टा गुंडाच्या हातात दिला. गुंडानं बसायला आपल्या मेव्हण्याला घेतलं. आकाराम पहिल्यांदाच बघणाऱ्यांत जाऊन उभा राहिला. नाथाजीनं उपरणं बांधलं, हलगी थांबली आणि आकारामला तिथं उभं राहवेना. गर्दीतून वाट काढत तो देवळामागच्या विहिरीवर जाऊन पोचला. तिथं लालासाहेब आधीच येऊन बसला होता.

दोघं काठावर बसले. पलीकडून एक शब्द परत परत येत होता. मग तो थांबला, ओरडा झाला आणि गुंडाबरोबर सगळी जत्रा एका सुरात बोटं मोजू लागली. आता तीही रीत झाली होती. एक, दोन, तीन, चार, पाच. लगेच हलग्या सुरू झाल्या.

आकारामनं तमाखू मळली आणि तळहात पुढं केला. लालासाहेबानं आधी त्याचं मनगट धरलं, मग चिमूट घेतली.

"एकदाच मोजली पोरानं," लालासाहेब म्हणाला.

"त्याला दोन डोळं हायती," आकाराम म्हणाला.